हरिचंद्र तांब्यांचे शुक्रवार

हरिचंद्र तांबे स्वस्थ बसलेले कुणी पाहिले असतील तर त्याने येऊन सांगावं. जेवताना त्यांचा गुडघा हलायचा. विहारात वंदना चालू असताना अंगठा उगाच बोटांच्या पेरांवरून फिरायचा. भाजी घ्यायला गेले तर एकेक टोमॅटो उचलून, फिरवून, उजेडाकडे धरून पाहिल्याशिवाय पिशवीत पडायचा नाही. "अहो, भाजी आहे ती, कंपनीचा माल नव्हे," असं त्यांच्या बायकोने, भावनाताईंनी, किती वेळा म्हटलं असेल त्याची मोजदाद नाही. अंबरनाथ पश्चिमेच्या बाजारात भाजीवाल्या त्यांना 'इन्स्पेक्टर' म्हणायच्या आणि ते लांबून दिसले की किडकी वांगी टोपलीच्या तळाशी सरकवायच्या.

इन्स्पेक्टर ते खरोखरच होते. अंबरनाथच्या एमआयडीसीत पाण्याचे व्हॉल्व्ह बनवणारी एक कंपनी होती, तिथे तपासणीच्या टेबलावर त्यांची सत्तावीस वर्षं गेली होती. हातात माप तपासायचा गेज असायचा, दोन टोकांचा. एक टोक भोकात गेलं पाहिजे, दुसरं जाता कामा नये. दोन्ही जमलं तर माल पास, नाहीतर लाल खडूची फुली आणि भंगारात. मधलं काही नाही. सत्तावीस वर्षांत त्यांच्या हातून खराब नग सुटला असं एकदाही झालं नव्हतं. ही गोष्ट ते स्वतः सांगत नसत, पण समोरच्याला ती ठाऊक असावी अशी त्यांची अपेक्षा असे.

दोन हजार सहा साल होतं. धम्मदीक्षेला पन्नास वर्षं होत होती आणि हरिचंद्रांनाही त्याच वर्षी पन्नास पूर्ण होत होती. त्यांच्या वस्तीतल्या विहाराच्या मंडळात चाळीसेक घरं मिळकतीचा विसावा भाग समाजासाठी बाजूला काढत. कुणी कारखान्यात, कुणी नगरपालिकेत, कुणी पॅकिंगच्या कामाला. पण विसावा म्हणजे विसावा, त्यात घासाघीस नाही. आजवर हे दान लांबच्या एका मोठ्या संस्थेला जायचं आणि तिकडून वर्षाला एक गुळगुळीत पुस्तिका यायची. त्या वर्षी मंडळाचे अध्यक्ष भीमराव गुरुजी, शाळेतून निवृत्त झालेले, वंदनेनंतर उभे राहिले.

"पुस्तिकेतली मुलं दर वर्षी तीच दिसतात," गुरुजी म्हणाले. "ती मोठी होत नाहीत की काय, कळत नाही. उल्हासनगरपासून बदलापूरपर्यंत आपल्या आजूबाजूला छोटी छोटी माणसं काहीतरी चांगलं करत असतील. ती शोधू. खरी असतील त्यांना देऊ." मग त्यांनी हरिचंद्रांकडे पाहिलं. "हरिचंद्र, तुझ्या हातून खराब माल सुटत नाही. हे काम तुझं."

हरिचंद्रांना इतका आनंद झाला की ते घरी जाईपर्यंत कुणाशी बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी खिशात मावेल अशी वही घेतली आणि स्वतःसाठी नियम घालून घेतले. सांगून जायचं नाही, कारण सांगून गेलं की माणसं घर झाडून ठेवतात. आपण कोण हे बोलायचं नाही. जे डोळ्यांना दिसेल तेच लिहायचं, आणि जागच्या जागी लिहायचं. नियम चोख होते. त्यात खोट काढायला जागा नव्हती, निदान हरिचंद्रांना तरी ती दिसली नाही.

मंडळाने गुरुजींच्या ओळखीने तीन ठिकाणी सहा महिन्यांसाठी थोडी मदत सुरू करून ठेवली होती. पुढे चालू ठेवायची की नाही, ते हरिचंद्रांनी ठरवायचं होतं. शिवाय नव्या जागाही त्यांनीच शोधायच्या होत्या. जुलैपासून त्यांची स्कूटर सुटली. सुट्टीच्या दिवशी हा माणूस सकाळी नऊला बाहेर पडायचा तो तिन्हीसांजेला चिखलाने माखून परत यायचा.

पहिली जागा बदलापूर गावातली. कौसाबाई नावाच्या आगरी बाईने आपल्या घराच्या पडवीत पाळणाघर काढलं होतं. कामाला जाणाऱ्या बायकांची तान्ही पोरं सांभाळायला तिने गोदूबाई नावाची शेजारीण हाताशी घेतली होती आणि गोदूबाईचा पगार मंडळाच्या मदतीतून जात होता. हरिचंद्र पोचले तेव्हा पडवीत जुन्या लुगड्यांच्या सहा झोळ्या टांगलेल्या होत्या आणि सहाही रिकाम्या होत्या. कौसाबाई एकटीच दुपटी पिळत होती. छत्री मिटून हा अनोळखी माणूस पडवीची लांबी-रुंदी डोळ्यांनी मोजतोय हे पाहून तिला वाटलं, नगरपालिकेचा माणूस आला, आता पडवीवरून काहीतरी कटकट काढणार. तिने तोंड आवळूनच ठेवलं.

"मुलं कुठायत?" हरिचंद्रांनी विचारलं.

"घरा."

"का? बंद केलंत?"

"आया घरान हाईत. मंग पोरा इथं कशाला येतील?"

हरिचंद्र फाटकाबाहेर आले, स्कूटरच्या सीटवर वही ठेवली आणि लिहिलं: 'शुक्रवार, ७ जुलै. मुले शून्य. आया घरीच असतात. नापास.'

दुसरी जागा उल्हासनगर कॅम्प दोनमधली. बाजाराच्या मागच्या गल्लीत महेश नावाच्या कपड्याच्या दुकानदाराने आपल्या वरच्या खोलीत मोफत अभ्यासवर्ग चालवला होता. जिना चढतानाच पाढ्यांचा आवाज आला. बेचाळीस मुलं-मुली ओळीत बसलेली, फळ्यावर तारीख, कोपऱ्यात बिस्किटांचा डबा. हरिचंद्रांचा गुडघासुद्धा क्षणभर थांबला म्हणे. 'शुक्रवार, २१ जुलै. मुले बेचाळीस. रोजचा वर्ग. पास.' तिसरी जागा बदलापुरातल्याच बेलवलीची एक शाळा. मंडळाने तिथे वह्या दिल्या होत्या आणि त्या वह्या वापरात होत्या. तिसऱ्या बाकावरची एक चुणचुणीत मुलगी उभी राहिली आणि तिने पाहुण्यांना धडा वाचून दाखवला. ऑगस्टमधल्या त्या पानावरही 'हजेरी उत्तम, पास' असं लिहिलं गेलं.

पाळणाघराची मदत जुलैअखेर थांबली. अहवाल वाचताना हरिचंद्रांचा आवाज खणखणीत होता. पुढे बसलेल्या पुरुषांनी माना डोलावल्या, मागे बसलेल्या बायकांना कुणी काही विचारलं नाही. दिवाळीपर्यंत हरिचंद्रांनी आणखी सहा जागा पाहिल्या, दोन पास केल्या, चार नापास. डिसेंबरच्या शेवटच्या रविवारी मंडळ पुढच्या दोन वर्षांचं दान जाहीर करणार होतं, आणि ते सगळं त्या छोट्या वहीवर अवलंबून होतं.

त्याच्या आठ दिवस आधी, शनिवारी, कंपनीत एक साधीच गोष्ट घडली. सोनिया म्हणून डिप्लोमा केलेली एक मुलगी तपासणीला नवीन लागली होती, उल्हासनगरची. बाहेरून बनवून आलेल्या सुट्या भागांची पेटी उघडून तिने दहा नग काढले, गेज लावला आणि कागदावर 'ओके' लिहिलं. हरिचंद्र मागेच उभे होते.

"दहाही वरचेच घेतलेस."

"सर, वरचे हाताशी येतात ना. खालचे काढायचे तर पूरी पेटी उलटायला लागते."

"मग उलटायची. खालून घ्यायचे, मधून घ्यायचे, कोपऱ्यातून घ्यायचे. हाताशी येतं तेच घेत राहिलीस तर जन्मभर वरचा थरच बघशील."

"पण सर, वरचे सगळे ओकेच होते."

"मग वरचे ओके एवढंच लिही. पेटी ओके असं लिहू नकोस."

बोलून झालं आणि हरिचंद्र टेबलाशी येऊन बसले. पोरीला जरा जास्तच बोललो असं त्यांना वाटलं, पण टोचत होतं ते तेवढंच नव्हतं. जेवणाच्या सुट्टीत रविवारच्या सभेसाठी म्हणून त्यांनी वही काढली आणि पानं उलटली. शुक्रवार, ७ जुलै. शुक्रवार, २१ जुलै. पुढचं पान, शुक्रवार. त्याच्या पुढचं, शुक्रवार. नऊच्या नऊ पानांवर शुक्रवार.

अंबरनाथ-बदलापूरच्या कारखान्यांना साप्ताहिक सुट्टी शुक्रवारी असते, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. हरिचंद्रांना तर सत्तावीस वर्षं तीच सुट्टी होती. तो त्यांना हाताशी येणारा दिवस, म्हणून ते शुक्रवारीच बाहेर पडत होते. आणि त्यांना सुट्टी होती तशी त्या पोरांच्या आयांनाही होती, ही एवढी उघड गोष्ट या डोळ्यांत तेल घालून बघणाऱ्या माणसाच्या डोक्यात सहा महिने आली नव्हती. डबा तसाच झाकून ते शेडमध्ये येरझाऱ्या घालू लागले. 'आया घरीच असतात.' त्या बाईने असं कुठे म्हटलं होतं? ती म्हणाली होती, घरात आहेत. बाकीचं त्यांनी स्वतः घातलं होतं.

मंगळवारी त्यांनी सीएल टाकली. तपासणीच्या टेबलावरच्या माणसाने मंगळवारी रजा घेतली म्हणून सुपरवायझरने घरी कोण आजारी आहे असं विचारलं.

बदलापूर गावातल्या त्या पडवीत पाय ठेवायला जागा नव्हती. पंधरा-सोळा पोरं होती. दोघं भांडत होती, एक भिंत चाटत होतं, तिघं एका ताटलीतली खिचडी खात होती आणि बरीचशी खिचडी जमिनीवर होती. कौसाबाई या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसती धावत होती. झोळ्या मात्र दिसत नव्हत्या. हरिचंद्रांना पाहून ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"आता काय मोजायला आयलाव?"

हरिचंद्रांनी जय भीम घातला आणि पहिल्यांदाच आपण कोण ते सांगितलं. अंबरनाथच्या मंडळाकडून आलो होतो, तुमची मदत माझ्यामुळे थांबली, एवढं सगळं एका दमात सांगून टाकलं. कौसाबाईने ऐकून घेतलं. तिने आरडाओरडा केला असता तर त्यांना बरं वाटलं असतं.

"म्हंजी तो तुमीच," ती म्हणाली. "सहा दिस या पोरांची आय मीच. सातव्या दिशी त्यांना त्यांची आय गावते. त्या दिशी माजी पडवी मोकली बगून मला किती बरा वाटतं, तुमाला काय सांगू? न तुमी नेमका त्योच दिस बगितला न फुली मारली."

हरिचंद्रांनी वर आढ्याकडे पाहिलं. "झोळ्या कुठे गेल्या?" त्यांनी कसंबसं विचारलं.

"गोदूचा पगार थांबला, गोदू पॅकिंगला लागली. एकटीला झोल्यांतली नाय झेपत. चालती पोरा तेवडी घेते." तिने फाटकाकडे बोट दाखवलं. "त्या पोरीला इचारा."

फाटकाशी नऊ-दहा वर्षांची एक मुलगी कडेवर बाळ घेऊन उभी होती. पडवीतल्या गलक्याकडे बघत ती बाळाला हलवत होती. वेळ सकाळी साडेअकराची, शाळेची. मुलीने हरिचंद्रांकडे पाहिलं आणि तिचा चेहरा खुलला.

"तुम्ही वह्यावाले काका ना? मी धडा वाचलेला. मी वैष्णवी."

तिसरा बाक. हजेरी उत्तम. हरिचंद्र तिच्यासमोर उकिडवे बसले. "आज शाळा नाही तुला, बाळ?"

"आहे ना. पण आई कामावर जाते, मग याला कोण घेणार? मी शुक्रवारी जाते शाळेत. शुक्रवारी आई घरी असते."

"फक्त शुक्रवारी?"

"हो. तुम्ही आलेलात तेव्हा शुक्रवार होता, म्हणून मी होते."

लाल खडूची फुली मारलेला नग भंगारात जातो, तो परत कुणाला तोंड दाखवत नाही. ही मुलगी समोर उभी होती, हसत होती, आणि तिच्या फ्रॉकच्या खांद्यावर बाळाची लाळ वाळली होती.

तिथून ते तडक उल्हासनगरला गेले. कॅम्प दोनमधल्या त्या वरच्या खोलीत छतापर्यंत कपड्याचे गठ्ठे रचलेले होते आणि फळा गठ्ठ्यांमागे गेला होता. महेशने त्यांना बसवलं, चहा मागवला. तो लपवाछपवी करणारा माणूस नव्हता. "रोजका किसने बोला, साब? शुक्रवारचा वर्ग आहे. बाकी दिवस पोरं वर्कशॉपमध्ये धागे कापायला असतात. एक दिन तरी शिकू दे, म्हणून मी रूम खाली करतो." 'रोजचा' हा शब्दही हरिचंद्रांचाच होता. विचारलं असतं तर महेशने जुलैतच सांगितलं असतं.

मंगळवार ते रविवार हे पाच दिवस भावनाताईंना पाच वर्षांसारखे गेले. नवरा जेवताना उठायचा, उठून बसायचा, बसून परत उठायचा. बोललं नाही तर कुणाला कळणार नव्हतं. मंडळात नऊ पानं वाचून टाकली की टाळ्या होत्या. बोललं तर सत्तावीस वर्षांचं नाव एका सभेत मातीत जाणार होतं, आणि हरिचंद्रांकडे त्या नावाशिवाय दुसरं काय होतं? ना मोठा हुद्दा, ना जमीनजुमला.

"नसेल सांगायचं तर नका सांगू," शेवटी भावनाताई वैतागून म्हणाल्या. "पण कुठेतरी बसा तरी."

"ती पोरगी शुक्रवारीच शाळेत जाते गं," हरिचंद्र म्हणाले, आणि पुन्हा उठले.

रविवारी वंदना झाली. हरिचंद्र उभे राहिले, वही उघडली आणि नऊ पानांवरच्या नुसत्या तारखा वाचल्या. शुक्रवार, शुक्रवार, शुक्रवार. पुढच्या पुरुषांना काही उमगेना. मागून मात्र पॅकिंगला जाणाऱ्या एका बाईचा आवाज आला, "अगं बाई, शुक्रवारी तर सुट्टीच असते की!" आणि दुसरी म्हणाली, "जुलैतच विचारलं असतं तर तेव्हाच सांगितलं असतं."

"तेच चुकलं," हरिचंद्र म्हणाले. "कौसाबाईंचं पाळणाघर खरं आहे. मी खोटं ठरवलं. माझ्यामुळे तान्ही मुलं तिथून गेली आणि एका मुलीची शाळा सुटली. कॅम्प दोनचा वर्ग आठवड्यातून एकदाच भरतो, तो मी रोजचा लिहिला. तोही चांगलाच आहे, पण मी लिहिला तसा नाही. चूक माझी आहे, मंडळाची नाही."

खोलीत चुळबूळ झाली. एकदा पास-नापास झाल्यावर हे काय नवीन, असं कुणीतरी पुटपुटलं. भीमराव गुरुजींनी चष्मा काढला.

"आणि बाकीच्या सहा जागा, हरिचंद्र?"

हा प्रश्न हरिचंद्रांना मंगळवारपासूनच खात होता. "त्यांचंही मला काही माहीत नाही, गुरुजी. शुक्रवारी कशा दिसतात तेवढं माहीत आहे. पुन्हा बघाव्या लागतील. सोमवारी, बुधवारी, संध्याकाळी. सीएल साठल्यात माझ्या. पण काम माझ्याकडे ठेवायचं की नाही ते तुम्ही ठरवा."

"चुकलो म्हणून सांगणारा तपासनीस मला दुसरा कुठे मिळणार?" गुरुजी म्हणाले. "मात्र या खेपेला या मागच्या बायकांपैकी दोघी तुझ्याबरोबर येतील." पाळणाघराची मदत त्याच दिवशी पुन्हा सुरू झाली.

पण बिघडवलेलं सगळं मदत सुरू केल्याने जागेवर येत नसतं. गोदूबाईला कंपनीत कायम करणार होते, ती परत येईना. नवी बाई मिळेपर्यंत झोळ्या कोण हलवणार? तेव्हा भावनाताईंनी पदर खोचला. "मी जाते महिनाभर," त्या म्हणाल्या. "घरात तुमचं हलणं बघायचं, त्यापेक्षा पाळणे हललेले बरे." रोज सकाळी साडेसहाला त्या बदलापूरला निघू लागल्या आणि संध्याकाळी येऊन कोणतं पोर काय करतं ते सांगू लागल्या. सहा महिने वही भरून हरिचंद्रांना जे कळलं नव्हतं ते त्यांना आठ दिवसांत घरबसल्या कळलं. वैष्णवीचे पाच महिने गेले होते, ते मात्र गेलेच. वार्षिक परीक्षेत ती निभावेल की नाही, या काळजीने हरिचंद्रांचा गुडघा आता दुप्पट हलायचा.

जानेवारीतल्या एका शुक्रवारी ते बेलवलीच्या शाळेत गेले. वैष्णवी तिसऱ्या बाकावर होती आणि तिने त्यांना हात केला. पण शुक्रवारी ती आधीही असायचीच, त्यावरून काय कळणार? त्यांनी बाईंना विचारलं, सोमवारी होती का, मंगळवारी होती का. बाईंनी हजेरीपट उघडून दाखवला. सोमवार ते गुरुवार, चारही दिवस ती हजर होती. हरिचंद्रांनी तो पट उजेडाकडे धरून दोनदा पाहिला, आणि मग स्कूटर बदलापूर गावाकडे वळवली.

पडवी सारवलेली होती. सहा झोळ्या टांगलेल्या, सहाही रिकाम्या. धुतलेली दुपटी दोरीवर वाळत होती आणि कौसाबाई पाय पसरून तांदूळ निवडत होती.

"आज कोन नाय," ती म्हणाली. "बसा."

हरिचंद्र बसले. समोरच्या सगळ्या चाळींतून या वेळी कुणी ना कुणी आपल्या आईच्या मांडीवर असणार होतं. बराच वेळ ते त्या रिकाम्या झोळ्यांकडे बघत राहिले. मग त्यांनी वही काढली आणि जागच्या जागी लिहिलं: 'शुक्रवार, १२ जानेवारी. मुले शून्य. आया घरी आहेत. पास.'